कार्बाझोलपासून उजेड देणारा रेणू आखायचाय, सुरुवात कुठून करू?

अशोकचौक_एमेस्सी:

नमस्कार. मी सोलापुरात एमएस्सी ऑरगॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनसाठी गाईड सरांनी ओएलईडीचा, म्हणजे वीज लावली की उजळणाऱ्या सेंद्रिय थरांच्या दिव्याचा, विषय दिलाय. कार्बाझोल (इलेक्ट्रॉन देणारा तीन रिंगांचा तुकडा) आणि सायनो गट (इलेक्ट्रॉन ओढणारा) असलेला, टीएडीएफ, म्हणजे उष्णतेच्या मदतीने उशिराने निघणारा उजेड, दाखवेल असा रेणू आखायचा, बनवायचा आणि त्याचा उजेड मोजायचा. पेपर वाचतेय. जवळपास प्रत्येकात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की होमो (इलेक्ट्रॉन असलेली सगळ्यात वरची पातळी) आणि लुमो (तिच्या वरची पहिली रिकामी पातळी) एकमेकांपासून लांब ठेवा, म्हणजे सिंग्लेट आणि ट्रिप्लेट (उत्तेजित रेणूच्या दोन अवस्था, पहिलीत दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन उलट, दुसरीत एकाच दिशेला) यांच्या ऊर्जेतलं अंतर कमी होतं. वाचताना पटतं. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की काहीच सुचत नाही. कार्बाझोल किती लावू? सायनोच्या शेजारी लावू की समोर? आणि लांबच ठेवायचे तर मधे सीएचटूची लांब साखळी टाकली तर काय बिघडतं?

सरांना जमलं तर निळा हवाय. निळा लवकर मरतो असं सगळीकडे लिहिलंय, तो नेमका का मरतो?

आमच्याकडे फ्यूम हूड, रोटाव्हॅप, यूव्ही-व्हिजिबल, एक जुना फ्लुरोसन्स स्पेक्ट्रोमीटर आणि नायट्रोजनचा सिलिंडर आहे. ग्लोव्हबॉक्स नाही. एनएमआर बाहेरून करून आणावा लागतो.

अजून एक. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाय हाऊसमध्ये आहेत. त्यांना मी 'उजेड देणारा रंग करतेय' असं सांगितलं तर म्हणाले, आम्ही टॉवेलला लावतो त्या टिनोपालसारखाच का? मला नीट सांगता आलं नाही. कुणी सांगेल का?


जुळेसोलापूर:

मी इथेच एमएस्सीला शिकवते आणि माझी पीएचडी कार्बाझोलवरचीच आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बस.

वडिलांचा प्रश्न आधी घेते, कारण अख्खा विषय त्यात आहे. टॉवेलवरची टिनोपाल म्हणजे बहुतेक वेळा स्टिल्बीनची संयुगं. उन्हातला अतिनील भाग शोषून ती निळसर उजेड देतात, म्हणून पांढरा टॉवेल अजून पांढरा दिसतो. तिथे रेणूला उत्तेजित करतो तो प्रकाश, आणि प्रकाशाने रेणू थेट सिंग्लेटमध्ये जातो. तुझ्या रेणूला वीज उत्तेजित करणार. एका बाजूने इलेक्ट्रॉन येणार, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, आणि दोघांचे स्पिन एकमेकांना न विचारता आलेले. चार जोड्या जमल्या की सरासरी एक सिंग्लेट होते आणि तीन ट्रिप्लेट. साध्या फ्लुरोसंट रेणूत ट्रिप्लेटमधून उजेड निघत नाही, ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. वडिलांना सांग, की रंग तुमच्यासारखाच, पण वीज लावल्यावर त्यातले चारातले तीन भाग वाया जातात आणि ते परत मिळवायचं काम मी करतेय. डाय हाऊसमधल्या माणसाला वाया जाणं म्हणजे काय ते चटकन कळतं.

१९८७ साली कोडॅकमध्ये तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी ॲल्युमिनियमचं एक संयुग, एएलक्यू३, वापरून दहा व्होल्टच्या आत चालणारा दोन थरांचा दिवा केला. बाहेर पडणारी कार्यक्षमता जेमतेम १ टक्का. तिथे ही चारातल्या तिनाची अडचण होतीच. १९९८-९९ मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्प्सन यांच्या गटांनी आधी प्लॅटिनम आणि मग इरिडियम आणलं. जड अणूमुळे स्पिनचं बंधन सैल होतं आणि ट्रिप्लेटमधूनच उजेड निघतो. उपाय उत्तम, पण इरिडियम पृथ्वीच्या पाठीवर अत्यंत दुर्मिळ, आणि तुझ्या डिझर्टेशनच्या बजेटमध्ये ते बसणारही नाही. २०१२ मध्ये क्युशू विद्यापीठातल्या अदाची यांच्या गटाने धातूशिवाय तेच करून दाखवलं. ट्रिप्लेट जर सिंग्लेटच्या अगदी जवळ असेल तर खोलीच्या उष्णतेवरच रेणू ट्रिप्लेटमधून वर सिंग्लेटमध्ये चढतो आणि तिथून उजेड देतो. टीएडीएफ ते हेच. त्यांचा गाजलेला रेणू, फोर-सीझेड-आयपीएन, म्हणजे चार कार्बाझोल आणि दोन सायनो गट असलेलं एक बेंझीन. बस. सोलापुरात बसून करता येईल असा रेणू.

आता तुझ्या साखळीकडे येते. सिंग्लेट-ट्रिप्लेटमधलं अंतर ठरतं ते होमो आणि लुमो किती जागा वाटून घेतात त्यावर. वाटून घेतलेली जागा कमी, तर अंतर कमी. इथपर्यंत पेपर बरोबर आहेत. पण रेणू उजेड किती जोरात देणार हेही त्याच वाटून घेतलेल्या जागेवर ठरतं. दोन खोल्यांमधलं दार घट्ट लावलं तर पलीकडचा गोंगाट थांबतो, पण उजेडही थांबतो. दार किलकिलं ठेवायचं असतं. साखळी टाकलीस तर दार लागलं. अंतर शून्याच्या जवळ येईल, गणितात फार सुंदर दिसेल, आणि रेणू इतका सावकाश उजेड देईल की तोवर ऊर्जा कंपनांत विरून जाईल. वर साखळी हलती असल्याने विरायला अजून मोकळी वाट. कागदावर सर्वात लहान अंतर असलेला रेणू सर्वात चांगला, या समजातून आधी बाहेर पड.

दार किलकिलं कसं ठेवायचं, तर पिळाने. फोर-सीझेड-आयपीएनमध्ये कार्बाझोल थेट बेंझीनला जोडलेलं आहे, पण शेजारीपाजारी इतकी गर्दी की त्याला सपाट बसता येत नाही. मधल्या रिंगच्या पातळीशी ते साधारण ६० अंशांत पिळलेलं राहतं. पूर्ण ९० नाही, हे लक्षात घे. त्या पिळामुळे होमो कार्बाझोलवर राहतो, लुमो सायनोवाल्या रिंगवर, आणि सांध्यापाशी थोडी जागा सामाईक. त्यांनी मोजलेलं अंतर ८३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, खोलीच्या तापमानाची ऊर्जा २६. म्हणजे चढ आहे, पण चढता येतो. आणि टोल्युइनमध्ये क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या फोटॉनांपैकी उजेड होऊन परत येणारे, ९४ टक्के. अंतर लहान आणि उजेड भरपूर, दोन्ही एकाच रेणूत. तुझ्या 'शेजारी की समोर'चं उत्तर यातच आहे. गर्दी होईल असं शेजारी लाव. तीच गर्दी रेणूला हलूही देत नाही.

कुठे लावायचं याने रंग किती बदलतो ते त्याच पेपरमध्ये बघ. दोन कार्बाझोल आणि शेजारशेजारचे दोन सायनो असलेला टू-सीझेड-पीएन टोल्युइनमध्ये ४७३ नॅनोमीटरला उजेड देतो, आकाशी निळा. फोर-सीझेड-आयपीएन ५०७ला, हिरवा. तेच चार कार्बाझोल, तेच दोन सायनो, फक्त सायनो एकमेकांच्या समोर नेले की ५३५. एकही अणू वाढला नाही, तरी २८ नॅनोमीटर सरकले. हे मला आजही शिकवताना फळ्यावर काढायला आवडतं. सायनो समोरासमोर गेले की लुमो अजून खाली येतो, म्हणून रंग लालकडे जातो. निळं हवं असेल तर उलट कर, स्वीकारणारा भाग कमजोर ठेव.

अंतर कमी असूनही ट्रिप्लेट वर चढायला वेळ का लावतो, हा प्रश्न व्हायव्हात येणारच. सिंग्लेट आणि ट्रिप्लेट दोघांचाही स्वभाव सारखाच, म्हणजे इलेक्ट्रॉन कार्बाझोलवरून सायनोकडे गेलेला, असा असेल तर स्पिन पलटणं जवळजवळ होतच नाही. एल-सायद यांचा नियम तो. म्हणून जवळपास एखादा वेगळ्या स्वभावाचा ट्रिप्लेट लागतो, एकाच तुकड्यावर बसलेला. कार्बाझोलचा स्वतःचा ट्रिप्लेट ३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असतो. त्यामुळे निळ्या रेणूत तो कामाच्या जागी येतो. कार्बाझोल सगळ्यांना आवडतं ते स्वस्त म्हणून आहेच, पण हेही कारण आहे.

निळा का मरतो. ४६० नॅनोमीटरचा फोटॉन म्हणजे २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, मोलमागे ६२ किलोकॅलरी. कार्बाझोलचा नायट्रोजन आणि रिंगचा कार्बन यांच्यातला बंध, विशेषतः रेणूवर जादा इलेक्ट्रॉन बसलेला असताना, इतक्या ऊर्जेने तुटू शकतो. हिरव्यात फोटॉन २.४चा, तेवढी उसंत मिळते. त्यात ट्रिप्लेट मायक्रोसेकंदभर रेंगाळतो. तेवढ्यात शेजारचा दुसरा ट्रिप्लेट किंवा जाता-येता इलेक्ट्रॉन भेटला की दोघांची ऊर्जा एकाच रेणूवर गोळा होते, आणि पाच इलेक्ट्रॉनव्होल्टपुढे कुठलाच सेंद्रिय बंध भरवशाचा नाही. म्हणूनच बरीच वर्षं मोबाइलच्या पडद्यात लाल-हिरवा फॉस्फोरेसंट (ट्रिप्लेटमधूनच उजेड देणारा) आणि निळा मात्र साधा फ्लुरोसंट, असा कारभार चालत आला. तेव्हा निळ्यात खरी किंमत आहे ती ट्रिप्लेट लवकर रिकामा करण्याला. उजेड पडला की काम झालं असं निळ्यात नसतं.

एक वेगळी वाटही माहीत असू दे. २०१६ मध्ये हाताकेयामा यांच्या गटाने बोरॉन आणि नायट्रोजन एकाच सपाट, ताठ सांगाड्यात बसवले, डाब्ना नावाने. होमो एका अणूवर, लुमो त्याच्या लगतच्या अणूवर, असं आळीपाळीने. पिळाची गरजच उरली नाही, आणि रंगाच्या पट्टीची रुंदी २८ नॅनोमीटरच्या आसपास आली. आपल्या कार्बाझोल-सायनोची पट्टी ७० ते १०० असते, म्हणून पडद्यासाठी रंग फिका पडतो. रचना म्हणून मला डाब्ना फार आवडते. पण त्यात ब्युटिल लिथियम आणि बोरॉन ट्रायब्रोमाइड लागतं. एमएस्सीच्या विद्यार्थिनीने ग्लोव्हबॉक्स नसलेल्या लॅबमध्ये, आणि तेही मार्च-एप्रिलच्या सोलापुरात, याच्या वाटेला जाऊ नये. हे मी गाईड म्हणून स्पष्ट सांगेन.

तू टू-सीझेड-पीएनच्या घराण्यात राहा आणि एकच बदल कर. कार्बाझोलच्या ३ आणि ६ क्रमांकावर टर्शरी ब्युटिल लाव, आणि न लावलेला रेणूही सोबत बनव. त्या दोन जागा कार्बाझोलच्या दुखऱ्या जागा आहेत, इलेक्ट्रॉन निघाला की तिथूनच दोन रेणू एकमेकांना चिकटतात. ब्युटिलने त्या झाकल्या जातील, विरघळणंही सुधारेल, रंग थोडा लालकडे सरकेल. किती सरकला, यील्डचं काय झालं, हे एकाच दिवशी, एकाच सॉल्व्हंटमध्ये दोघांवर मोजलंस तर डिझर्टेशन उभं राहतं. कार्बाझोलला कोरड्या टीएचएफमध्ये सोडियम हायड्राइड आणि मग डायफ्लुरोथॅलोनायट्राइल, एवढीच रिॲक्शन. हायड्राइड थोडं थोडं टाक, हायड्रोजन निघतो. टीएचएफची जुनी बाटली पेरॉक्साइड तपासल्याशिवाय उघडून डिस्टिल करायची नाही.

आणि कार्बाझोलच्या बाटलीबद्दल. बाजारातलं बरंचसं कार्बाझोल डांबरातून येतं. सुती कापडाचा हायड्रॉन ब्लू यापासूनच बनतो, वडिलांना तो रंग ठाऊक असेल. डांबरातून येताना त्याचा एक सख्खा आयसोमर, बेन्झइंडोल, अर्ध्या टक्क्याहून कमी प्रमाणात सोबत येतो. कार्बाझोलच्या कित्येक संयुगांत दिवा बंद केल्यावरही सेकंदभर उजेड रेंगाळतो असं वर्षानुवर्षं छापून येत होतं. २०२१ मध्ये सिंगापूरच्या एका गटाने कार्बाझोल स्वतः बनवून तेच प्रयोग केले आणि तो रेंगाळणारा उजेड गेला. तो त्या आयसोमरचा होता. एनएमआरमध्ये तो दिसणारही नाही इतका कमी असतो. म्हणून तुझ्या पावडरीत उशिराचा उजेड दिसला की लगेच टीएडीएफ लिहू नकोस. आधी द्रावणात बघ.


काचपट्टी:

मॅडमनी रेणूचं सगळं सांगितलंय, मी फिजिक्सवाला, दिव्याच्या बाजूचं थोडं. पेपरमध्ये फोर-सीझेड-आयपीएनची कार्यक्षमता १९ टक्के वाचून निराश होऊ नका. सेंद्रिय थराचा अपवर्तनांक १.७च्या आसपास, त्यामुळे आत तयार झालेल्या उजेडापैकी साधारण पाचवा भागच काचेबाहेर पडतो. १९ म्हणजे आतला जवळजवळ सगळा हिशेब जुळला. रेणू लांबट आणि सपाट असेल तर थरात आडवा झोपतो आणि बाहेर पडणारा वाटा वाढतो, आराखड्यात हेही धरता येतं.

पूर्ण दिवा बनवायच्या फंदात एका सेमिस्टरमध्ये पडू नका. सगळे थर मिळून जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास, धुळीचा एक कण पडला की शॉर्ट. फिल्म करून मोजा. पण होस्ट, म्हणजे ज्या पदार्थात तुमचा रेणू थोडासा मिसळून फिल्म करता तो, बघून घ्या, त्याचा ट्रिप्लेट तुमच्या रेणूपेक्षा वर हवा. सीबीपी आणि एमसीपी हे दोन नेहमीचे होस्ट. सीबीपीचा २.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, तुमच्या निळ्याला तो पुरणार नाही, एमसीपीचा २.९ आहे. लाइफटाइमसाठी (उजेड किती वेळात विझतो ते मोजायला) आयआयटी मुंबईचं सैफ हे उपकरण केंद्र किंवा आय-स्टेम या उपकरणं शोधायच्या सरकारी पोर्टलवर पुण्याच्या आसपासचं उपकरण शोधा. बुकिंग करण्याआधी एकच विचारा, मायक्रोसेकंदापर्यंत मोजता का? कित्येक ठिकाणी फक्त नॅनोसेकंदांचं मोजतात, आणि हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन परत आल्यावर कळतं की उशिराचा भाग मोजलाच नाही.


रात्रपाळी:

कॉम्प्युटेशनचं मी सांगतो. ओर्का हे रेणूंचं गणित करणारं सॉफ्टवेअर शैक्षणिक वापराला मोफत आहे, साध्या डेस्कटॉपवर रात्रभर सोडलं तर या आकाराचे रेणू होतात. बी३एलवायपी या फंक्शनलने (गणिताच्या अंदाजी सूत्राने) भूमिती काढा, चालेल. पण उत्तेजित अवस्था त्याच फंक्शनलने काढल्या तर इलेक्ट्रॉन लांब गेलेल्या अवस्थांची ऊर्जा खूपच खाली दाखवतो, आणि अंतर आहे त्यापेक्षा छान दिसतं. कॅम-बी३एलवायपी किंवा ओमेगा-बी९७एक्स ही फंक्शनल घेऊन टॅम-डॅन्कॉफ हे सोपं केलेलं गणित लावा. आकडे शब्दशः घेऊ नका, दोन रेणूंमधला फरक घ्या. सिंग्लेटसोबत ऑसिलेटर स्ट्रेंग्थही (रेणू उजेड किती जोरात देईल त्याचा आकडा) टेबलात लिहा, मॅडमचं किलकिलं दार तिथेच दिसतं. डाब्नासारख्या रेणूंना मात्र ही पद्धत लावू नका, तिथे अंतर फुगून येतं.


अशोकचौक_एमेस्सी:

मॅडम, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. टू-सीझेड-पीएन आणि त्याचा टर्शरी ब्युटिल भाऊ, दोन्ही बनवायचं सरांशी बोलून ठरलं. वडिलांना सांगितलं, हायड्रॉन ब्लू त्यांना लगेच कळला, म्हणाले त्याचा वास अजून नाकात आहे.

आता एक अडलंय. लाइफटाइम बाहेर मोजायला नंबर लागेपर्यंत, टीएडीएफ आहे की नाही याचा अंदाज आमच्याच फ्लुरोसन्सवर घेता येईल का? आणि उन्हाळ्यात लॅबला एसी नसतो, त्याने आकड्यांवर फरक पडतो का?


जुळेसोलापूर:

येतो की अंदाज. हवेतला ऑक्सिजन स्वतः ट्रिप्लेट आहे, तो तुझ्या रेणूचे ट्रिप्लेट खाऊन टाकतो. म्हणून हवा असताना फक्त लगेचचा उजेड दिसतो, हवा काढली की उशिराचा भर पडतो. टोल्युइनमध्ये अगदी पातळ द्रावण कर, ॲब्सॉर्बन्स ०.१च्या खाली. रबरी बूच असलेला क्युवेट घे, लांब सुई तळापर्यंत, दुसरी छोटी सुई हवा जायला. आधी स्पेक्ट्रम घे, मग नायट्रोजन सोड आणि स्लिट, व्होल्टेज कशालाही हात न लावता परत घे. ३६५ची टॉर्च मारून नुसत्या डोळ्यांनीही बघ, अंधारात. फोर-सीझेड-आयपीएन थोडं विकत मिळतं, फोटोकॅटॅलिस्ट म्हणून हल्ली सगळीकडे विकतात. ते आधी करून बघ. बुडबुडे सुरू झाले की खालून वर हिरवा उजेड चढत जातो, आणि बूच काढून क्युवेट हलवलं की झपकन उतरतो. तुझ्या दोन्ही रेणूंची त्याच्याशी तुलना कर. पट्टीचा आकार तोच राहून उंची वाढली पाहिजे. आकारच बदलला तर काहीतरी दुसरं उजळतंय, शुद्धीकरणाचा कॉलम परत चालव.

आपल्याकडची अडचण अशी की एप्रिलमध्ये नायट्रोजन टोल्युइन घेऊन उडून जातो, द्रावण घट्ट होतं आणि तीव्रता त्यानेही बदलते. नायट्रोजन क्युवेटमध्ये नेण्याआधी टोल्युइनच्या एका बाटलीतून बुडबुडत ने, म्हणजे तो आधीच तृप्त होऊन येतो. शेवटी ॲब्सॉर्बन्स पुन्हा घे. बदलला असेल तर तो रन फेकून दे.

एसीचा प्रश्न फार मोलाचा विचारलास. चढण उष्णतेने होते, तेव्हा तापमानाचा फरक पडतोच. अंतर ८३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट धरलं तर २७ अंशांवरून ४२ अंशांवर गेल्यावर चढायचा वेग सोळा-सतरा टक्क्यांनी वाढतो. अंतर ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर तोच वेग जवळजवळ पावणेदोनपट होतो. सकाळी सातला एक रेणू मोजला आणि दुपारी तीनला दुसरा, तर तू टर्शरी ब्युटिलचा परिणाम मोजत नसशील, ऊन मोजत असशील. दोन्ही क्युवेट एकामागोमाग घे, थर्मामीटर सेलहोल्डरपाशी ठेव, आणि प्रत्येक स्पेक्ट्रमच्या फाइलच्या नावातच तापमान टाक. क्वांटम यील्डसाठी क्विनीन सल्फेट चालेल, सल्फ्युरिक आम्लात ०.५४ धर. फक्त तुझं द्रावण टोल्युइनमध्ये आणि ते पाण्यात, म्हणून अपवर्तनांकाच्या वर्गाचं गुणोत्तर गुणायला विसरू नकोस, तिथे पाऊण-एक टक्का नाही, चांगला पाव भाग फरक पडतो.

हेक्झेन, टोल्युइन आणि डायक्लोरोमिथेन, तिन्हींतले स्पेक्ट्रम घेतलेस की इथे टाक. पट्टी सॉल्व्हंटगणिक लालकडे सरकताना दिसली तर इलेक्ट्रॉन खरंच कार्बाझोलवरून सायनोकडे जातोय, आणि किती सरकते त्यावरून दार किती उघडं आहे ते आपण बसून बघू.